पक्षी मारून झाले, पण विषाणू कुंपणाबाहेर कशावर बसून जातो?

पशुधन_कळमेश्वर:

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या शीघ्र प्रतिसाद पथकाची रंगीत तालीम पुढच्या पंधरवड्यात आहे, विषय बर्ड फ्लू. किटची (अंगभर संरक्षक पोशाखाची) संख्या, मारलेले पक्षी पुरायच्या खड्ड्याचं माप, पक्ष्यांची मोजणी हे सगळं कागदावर बसलं आहे. अडलंय ते एकाच ठिकाणी. आतली घाण बाहेर जाऊ नये आणि एका शेडची दुसऱ्या शेडमध्ये जाऊ नये, यासाठी कोणतं काम कोणत्या क्रमाने करायचं ते कागदात कुठेच नाही. "योग्य ती खबरदारी घ्यावी" एवढंच लिहिलं आहे.

फार्म असा धरा: 8,000 ब्रॉयलर, उघड्या बाजूंच्या दोन शेड, जाळी आणि पडदे, खाली चार बोटं तूस. फाटक एकच. त्याच्यासमोर गाडीवाट, गाडीवाटेपलीकडे संत्र्याची बाग. बोअर फाटकाजवळ. जमिनीचा उतार शेडकडून फाटकाकडे. दहा माणसं आत, चार बाहेर, एक जेसीबी, एक पाण्याचा टँकर. संसर्ग क्षेत्र, जिथले सगळे पक्षी मारायचे, ते 1 किलोमीटरचं, म्हणजे गावातल्या घरोघरच्या गावठी कोंबड्याही त्यात आल्या. निगराणी 10 किलोमीटरपर्यंत.

विचारायचं आहे ते असं. एकाच फाटकातून स्वच्छ आणि घाणेरडी वाट वेगळी कशी करायची? हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) प्रमाण हातांना किती, बुटांना किती, शेडला किती? काही जण म्हणतात फाटकावर फवारणीची कमान उभी करा, सगळे तिच्याखालून बाहेर येतील, प्रश्न मिटला. हे बरोबर आहे का? आणि जेसीबी, मोबाइल, पंचनाम्याचे कागद या वस्तूंचं काय?

मार्च 2024 मध्ये नागपूरच्या शासकीय उबवणी केंद्रात रोग आला होता, त्यामुळे हे दूरच्या गावचं दुखणं राहिलेलं नाही. अनुभवी मंडळींनी नेमकं सांगावं ही विनंती.

धुऱ्यावरचा:

भाऊ, पहिली गोष्ट, फाटक एकच आहे हे गृहीतच सोडा. जाळी कापा.

तुमच्या नकाशात फाटक उताराच्या खालच्या टोकाला आहे आणि बोअरही तिथेच. माणसं तिथूनच बाहेर काढली तर शेडचं आणि बुटांचं धुवण त्यांच्या पायांखालून वाहत जाणार आणि बोअरभोवती साचणार. म्हणून माणसांची बाहेरची वाट वरच्या अंगाला करा. कुंपणाची जाळी चार फूट कापायला दहा मिनिटं लागतात आणि पुन्हा बांधायला अर्धा तास. फाटक फक्त जेसीबी आणि टँकरच्या पाइपसाठी ठेवा. टँकर आत आणूच नका. तो गाडीवाटेवर उभा राहील आणि पाइप आत जाईल. तो पाइपही काम संपेपर्यंत आतच राहील.

वाऱ्यासाठी धुऱ्यावर बांबू रोवून त्याला पताका बांधा. किट काढायची जागा वाऱ्याच्या वरच्या बाजूला हवी. उतार एक सांगतो आणि वारा दुसरं, असं झालं तर उताराचं ऐका. वारा दुपारी फिरतो, उतार फिरत नाही. वाऱ्यासाठी अंतर वाढवून घ्या.

आता रेषा. जमिनीवर चुना टाकून रेषा आखतात, पण पाणी सांडलं की तासाभरात ती पुसली जाते. शिवाय चष्म्यावर वाफ धरली की माणसाला पायाखालचं दिसत नाही. कमरेइतक्या उंचीवर दोरी बांधा आणि तिला रंगीत चिंध्या लावा. लाल दोरीच्या आत शेड, खड्डा आणि त्या दोन्हींमधली वाट. लाल आणि पिवळ्या दोरीच्या मध्ये किट काढायची जागा. पिवळ्याच्या बाहेर पाणी, सावली, रजिस्टर. आत जायची खिंड आणि बाहेर यायची खिंड वेगळी, दोन्हींत निदान तीस पावलं अंतर. स्वच्छ माल आत जातो, आतून काहीही परत येत नाही. घमेली, खोरी, क्रेट, फवारणी पंप जे आत गेलं ते शेवटपर्यंत आतच. दोन शेडना दोन वेगळे संच द्या आणि दांड्याला रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे एका शेडचं खोरं दुसऱ्यात दिसलं की लांबूनच कळेल. माणसंही शेडनिहाय वाटून द्या.

बाहेर येताना सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्या. गमबूट उलटा करून बघा: टाचेच्या खाचांमध्ये ओली विष्ठा, तूस आणि पिसं दाबून बसलेली असतात, एखाद्या ठोकळ्यासारखी. टबात पाय बुडवून चार पावलं चाललं तर जंतुनाशक औषध त्या ठोकळ्याच्या बाहेरच्या पापुद्र्यालाच लागतं. म्हणून आधी टोकदार काडीने खाचा उकरायच्या, मग साबणाच्या पाण्यात ताठ ब्रशने घासायचं, मग साध्या पाण्यात खळखळून काढायचं आणि चौथ्या पायरीला औषधाच्या टबात उभं राहायचं. हे चार टब रांगेत ठेवा. खाली ताडपत्री आणि तिचा उतार एका छोट्या, प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्याकडे. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, धुवण त्यातून थेट खाली जातं. प्लास्टिकशिवाय तो खड्डा म्हणजे चाळणी.

किट काढण्याचा क्रम असा. बूट धुऊन झाले की एप्रन पुढे वाकून काढायचा, हातमोजे औषधात धुवायचे. मान मागे टाकून कव्हरऑलची (किटमधल्या अंगभर झग्याची) चेन शोधायची आणि पूर्ण उघडायची. टोपी मागे सारायची, खांदे मोकळे करायचे. बाही काढताना बाहेरचे मोजे बाहीसकटच निघू द्यायचे. मग आतल्या मोज्यांनी कव्हरऑलला आतूनच धरून, आतली बाजू बाहेर येईल असं गुंडाळत बुटांपर्यंत आणायचं आणि एका पायाने दुसऱ्यावर दाबून पाय सोडवून घ्यायचे. हात धुवायचे. चष्मा डोक्यामागच्या पट्ट्याला धरून काढायचा. हात धुवायचे. मास्कचा खालचा पट्टा आधी, वरचा नंतर, समोरच्या कपाला बोट लावायचं नाही. हात धुवायचे. बूट हात न लावता तिथेच सोडायचे आणि पिवळ्या दोरीपलीकडे ठेवलेल्या स्वतःच्या चपलेत पाय टाकायचा. शेवटी आतले मोजे, आणि मग उघडे हात साबणाने.

हे कोणालाही आठवणार नाही. दोन तास कोंबड्या पकडून आलेला माणूस थकलेला असतो आणि त्याला आधी तोंड मोकळं करायचं असतं, म्हणून हात पहिला मास्ककडे जातो. समोर एक वाचणारा उभा करा. तो एक पायरी मोठ्याने वाचेल, ती झालेली बघेल आणि मगच पुढची वाचेल. एका वेळी एकच माणूस, रांगेतल्यांनी लाल दोरीच्या आत थांबायचं. एका माणसाला आठ ते दहा मिनिटं धरा. दहा जणांचा हिशोब केलात तर कळेल की पाळी संपवून सगळ्यांना एकदम बाहेर काढता येणार नाही, दोन-दोन करून आधीपासून सोडावं लागेल.

काढलेलं किट पिवळ्या पिशवीत टाकायचं, पिशवी पाऊण भरली की बंद. तोंड पिळून, दुमडून बांधायचं. पिशवीतली हवा दाबून काढू नका, ती बरोबर बांधणाऱ्याच्या तोंडावर येते.

जंतुनाशक_हिशोब:

हायपोबद्दल मी लिहितो, कारण पथकं सगळ्यात जास्त चुकतात ती इथेच.

ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण 30 टक्के क्लोरीन असतं. 0.5 टक्क्याचं पाणी करायला लिटरला 17 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या ड्रमला सुमारे साडेतीन किलो. बाजारात कॅनमध्ये मिळणारं हायपो 10 टक्क्यांचं असेल तर 1 भाग हायपो आणि 19 भाग पाणी, म्हणजे 200 लिटरला 10 लिटर. धुतलेले बूट, हातमोजे आणि हत्यारं यांना 0.5 टक्का. उघड्या हातांना साबण आणि पाणीच चांगलं. साबण नसेलच तर 0.05 टक्का, म्हणजे वरच्याच ड्रममधलं 1 लिटर घेऊन त्यात 9 लिटर पाणी. शेडच्या धुतलेल्या, वाळलेल्या फरशीला 1 टक्का.

पण कॅनवर 10 लिहिलंय म्हणून आत 10 असेलच असं नाही. हायपो उष्णतेने आणि उजेडाने मरतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात कॅन पडून राहिला तर त्याचं बळ निम्म्यावर येतं, आणि तुम्ही 0.5 समजून 0.25 वापरता. क्लोरीन मोजायच्या पट्ट्या जास्त प्रमाणाच्या घ्या, पिण्याच्या पाण्याच्या नकोत. दर ड्रमला एक पट्टी बुडवा. द्रावण रोज सकाळी नवं करा आणि ड्रम सावलीत, झाकून ठेवा. ब्लीचिंग पावडरचा गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी दुसऱ्या ड्रममध्ये काढून घ्या, नाहीतर फवारणी पंपाची नळी पहिल्या दहा मिनिटांत तुंबते आणि मग माणूस उघड्या हाताने नोझल उघडत बसतो.

दुसरी गोष्ट: क्लोरीन आधी घाण खातं, मग विषाणू. विष्ठा, रक्त, तूस जे समोर येईल त्याच्यावर ते संपून जातं. म्हणून टबातलं पाणी चहासारखं दिसू लागलं की वास कितीही येवो, ते बदलायचं. वेळ बघून बदलू नका, रंग बघून बदला. जांभळ्या रंगाचं पोटॅशियम परमँगनेट बऱ्याच फार्मच्या दारात असतं. घाणीसमोर तेही असंच संपतं, त्याच्या रंगावर विसंबू नका. बजेट असेल तर टबासाठी पेरॉक्सिमोनोसल्फेटची पावडर घ्या, 1 टक्का, लिटरला 10 ग्रॅम. घाणीत ती क्लोरीनपेक्षा जास्त टिकते.

तिसरी गोष्ट, आणि ही जिवावरची आहे. भरलेल्या शेडमध्ये तुसावर हायपो ओतू नका. शेडमध्ये डोळ्यांना झोंबणारा वास असतो तो अमोनियाचा. त्यावर क्लोरीन पडलं की क्लोरामाइनचा विषारी धूर सुटतो. एन-95 कण अडवतो, वायू अडवत नाही. आत दहा माणसं, पडदे पाडलेले, पळायला एकच दार, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. संडास धुवायचं ॲसिडही हायपोच्या जवळपास ठेवू नका, त्यातून थेट क्लोरीन वायू निघतो.

धूळ बसवायला साधं पाणी आणि त्यात थोडी धुण्याची पावडर. कास्तकाराचा पाठीवरचा फवारणी पंप, जाड थेंबांचं नोझल, हलका हात. चिखल व्हायला नको, नुसती धूळ दबायला हवी. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, त्यामुळे साबणसुद्धा त्याला मोडतो. हे काम नुसतं धूळ दाबण्यापुरतं नाही. उच्च दाबाचा वॉशर मात्र सुरुवातीला बाहेरच काढू नका. तो घाण धुत नाही, उडवतो.

तूस उचलल्यावर शेडचा क्रम: खरवडणे, साबणाने धुणे, साध्या पाण्याने धुणे, वाळवणे, मग औषध. "वाळवणे" ही पायरी सगळे गाळतात. फरशीवर डबकी असताना 1 टक्का ओतला तर तो डबक्यात अर्धा होतो. औषध टाकल्यावर पृष्ठभाग निदान दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. उन्हात दोन मिनिटांत सुकत असेल तर पुन्हा मारा.

"ऊन लागलं की मरेल आपोआप" हेही कोणी म्हणेल. कोंबडीच्या विष्ठेत हा विषाणू 37 अंशांना 6 दिवस आणि 4 अंशांना निदान 35 दिवस टिकलेला आहे. डिसेंबर-जानेवारीच्या आपल्या रात्री आठवा.

पशुधन_कळमेश्वर:

खूप उपयोगी. जाळी कापायचं तर डोक्यातच आलं नव्हतं. टबात 2 टक्के कॉस्टिक सोडा चालेल का? आमच्याकडे तो पडून आहे. आणि कमानीचं कोणी बोललं नाही.

जंतुनाशक_हिशोब:

कॉस्टिक विषाणूवर चालतो, माणसावर नाही चालत. टबातून पाय काढताना उडालेला थेंब बुटाच्या आत गेला की कातडी भाजते, आणि आत काम करणाऱ्याला ते घाम म्हणून उशिरा कळतं. तो रिकाम्या शेडच्या सिमेंटच्या फरशीसाठी राखून ठेवा. चष्मा, जाड रबरी मोजे घालून, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना न लावता. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीवर नाही.

मेडिकल_चौकातली:

कमानीबद्दल: नको. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020 मध्येच स्पष्ट केलं होतं की माणसांवर जंतुनाशक फवारायचं नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. कारणं व्यवहारातली आहेत. फवाऱ्याने किटवरची कोरडी धूळ हवेत उडते आणि तिथेच तो माणूस मास्क काढणार असतो. डोळ्यांची आणि श्वासनलिकेची जळजळ होते. किट ओलं झालं की निसटतं, अंगाला चिकटतं आणि काढताना फाटतं. सगळ्यात वाईट म्हणजे कमानीतून आलेल्याला वाटतं आपण स्वच्छ झालो, आणि तो वाचणाऱ्याचं ऐकत नाही. त्या पैशांत दोन जादा ब्रश-टब आणि एक वाचणारा माणूस येतो.

मला दुसऱ्या एका गोष्टीची जास्त काळजी आहे, जी तालमीत कधीच घेत नाहीत. आत माणूस कोसळला तर?

मार्चअखेर नागपूर चाळिशीला टेकतं. कव्हरऑल, दोन मोजे, गमबूट, मास्क अशा अवस्थेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. पाळी 45 मिनिटांची ठेवा, उन्हात त्याहून कमी. पक्षी पकडणं पहाटे उरका. अंधुक उजेडात पक्षीही शांत असतात आणि धूळ कमी उडते. आत जाण्याआधी अर्धा लिटर पाणी आणि मीठ-साखरेचं सरबत, कारण आत गेल्यावर मास्क खाली करून एक घोटही घ्यायचा नाही. लघवीला जाऊन मगच किट चढवा.

तरी कोणी भोवळ येऊन पडलं, बरळू लागलं किंवा पायात पाय अडकू लागले, तर वाचणाऱ्याच्या सगळ्या पायऱ्या बाजूला. त्या माणसाचा जीव आधी. जोडीदाराने त्याला ओढत किट काढायच्या जागेपर्यंत आणायचं. तिथे टोकाशी बोथट असलेली मोठी कात्री दोरीला बांधून ठेवलेली असावी. चेनचा नाद न करता गळ्यापासून दोन्ही पायांपर्यंत समोरून सरळ कापायचं, कापलेलं किट बाहेरच्या अंगाला उलगडायचं, केळीचं साल सोलावं तसं, आणि माणसाला त्यातून उचलून स्वच्छ चादरीवर घ्यायचं. घाणेरडी बाजू खाली राहते. त्याचा चष्मा काढा, तोंड पुसा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या. बर्फाचा डबा पिवळ्या दोरीजवळ पहिल्या मिनिटापासून हवा. उचलणारे दोघे किटमध्येच असतील. चादर पलीकडे घेणाऱ्या दोघांना मास्क, चष्मा आणि मोजे पुरेसे आहेत, आणि ते आत जाणार नाहीत.

108 ला फोन करताना "बर्ड फ्लूचं काम चालू असलेल्या फार्मवरून, उष्माघाताचा रुग्ण" असं पूर्ण वाक्य सांगा. गाडी फाटकावर नाही, वरच्या खिंडीकडे बोलवा. रुग्णालयात पोचण्याआधी तिथल्या आपत्कालीन कक्षाला कळवा, म्हणजे ते त्याला गर्दीतून न नेता बाजूने घेतील. हे निरोप कोण देणार त्याचं नाव सकाळीच ठरवा, आणि तो माणूस किटमध्ये नसावा.

नंतरचं थोडक्यात. आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव लिहा, शेवटच्या दिवसापासून 10 दिवस रोज दोनदा ताप बघा, डोळे लाल झाले तरी कळवायला सांगा. नुसता ताप-खोकलाच शोधत बसू नका. ऑसेल्टामिव्हिर (फ्लूवरचं औषध) कोणाला, किती दिवस, हे आरोग्य खात्याचे डॉक्टर ठरवतील, ते पथकाबरोबर पहिल्या दिवसापासून हवेत. नेहमीच्या फ्लूची लस पथकाला आधीच द्या. एकाच शरीरात दोन फ्लू एकदम यायला नकोत. आणि ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना आत पाठवू नका.

खोरं_घमेलं:

जेसीबी आणि खड्ड्यावर लिहितो.

मोजमाप: केंद्र सरकारच्या बर्ड फ्लू आराखड्यातला ठोकताळा 2 बाय 2 बाय 2 मीटरला अंदाजे 1,800 पक्षी. तुमच्या 8,000 ला 2 मीटर रुंद, 2 मीटर खोल आणि 9 मीटर लांब. पण हे नुसत्या पक्ष्यांचं झालं. तूस, उरलेलं खाद्य, क्रेटमधली घाण हे धरून लांबी वाढवा. तुसालाच पक्ष्यांइतकी जागा लागू शकते, ते आधी मोजा: शेडची लांबी गुणिले रुंदी गुणिले थर. खड्डा शेडपासून जितका जवळ तितका बरा. मेलेला पक्षी जितका फिरतो तितकी पिसं सांडतात. बोअर, विहीर आणि नाल्याच्या बाजूला मात्र नको, आणि खणताना पाणी लागलं तर जागा बदला.

पक्ष्यांवर आधी 40 सेंटिमीटर मातीचा थर, त्यावर चुना, त्यावर पुन्हा माती. चुना थेट पक्ष्यांवर टाकला तर कुजणं मंदावतं. वर मातीचा उंचवटा ठेवा, नंतर ती बसते. खड्डा अर्धवट सोडून रात्री घरी जायचं नाही. कुत्री, मांजरं, कावळे तुमच्या दोऱ्या मानत नाहीत. मांजरवर्गाला हा रोग होतो. डिसेंबर 2024 मध्ये आपल्याच नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू, सांगितला, हे लक्षात असू द्या. पिशव्यांत भरलेले पक्षी उघड्यावर ठेवले तरी तेच.

जेसीबी भाड्याचा असतो आणि त्याची पुढची वर्दी ठरलेली असते, कोणाच्या तरी शेतात विहीर उकरायची. आपल्यासाठी सगळ्यात धोक्याची वस्तू तीच. चालकाने केबिनमधून उतरायचंच नाही, काचा बंद, त्याला मास्क आणि मोजे द्या. तो उतरला तर तो आतलाच झाला, किटसकट. जेसीबीने पक्षी ढकलू नका. पक्षी माणसांनी टाकायचे, बकेट मातीलाच लागली पाहिजे. बाहेर काढताना बकेटचे दात, दातांच्या मधली खाच, टायरच्या नक्षीत बसलेली माती आणि मडगार्डच्या आतली बाजू आधी खरवडा, मग साबण, मग पाणी, मग औषध. क्लोरीन लोखंडाला खातं, म्हणून दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा, नाहीतर मालक पुढच्या वेळी गाडी देणार नाही. केबिनमधली पायदाणी आणि पेडल सगळे विसरतात. हँडल आणि लिव्हरही पुसा.

कागदी लगद्याचे ट्रे आणि चुंगड्या (पोती) धुता येत नाहीत. त्यांची किंमत करत बसू नका, खड्ड्यात. लाकडी खोक्यांचंही तेच. गुळगुळीत प्लास्टिकचे क्रेट धुऊन चालतील, तडे गेलेले नाही.

पंचनामा: कागद आत जाऊ देऊ नका. आत एक पांढरा फळा किंवा प्लास्टिकची पाटी ठेवा. शेडनिहाय आकडे आतल्याने मार्करने लिहायचे आणि लाल दोरीशी उभं राहून पाटी समोर धरायची. बाहेरच्याने तिचा फोटो घ्यायचा आणि रजिस्टरमध्ये उतरवायचं. सह्या बाहेर, किट काढल्यावर. मोबाइलही तसाच. आत एकच फोन, पारदर्शक पिशवीत सील करून, त्यावरूनच बोटं चालतात. बाहेर येताना पिशवी बाहेरून पुसायची आणि पलीकडच्याने स्वच्छ हाताने तोंड उघडून फोन तेवढा उचलून घ्यायचा. बाकीच्यांचे फोन, घड्याळं, अंगठ्या, करदोऱ्यातल्या किल्ल्या सगळं डब्यात, बाहेर.

आणखी एक. तुमच्यासमोर संत्र्याची बाग आहे म्हणजे या फार्मचं खत बागांना जातच असणार. काटोल-कळमेश्वर पट्ट्यात कोंबडीखत विकलं जातंच. मालकाला आजचं खत थांबवायला सगळेच सांगतात. गेल्या तीन आठवड्यांत कोणत्या गाडीने, कोणाच्या बागेत किती ट्रॉली गेलं, हेही विचारा. ते ढीग झाकायला लावा, पसरू देऊ नका, आणि त्या मजुरांच्या घरी कोंबड्या आहेत का ते बघा.

नमुना_पेटी:

नमुन्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. नमुने औषध फवारण्याआधी घ्या. निरोगी दिसणाऱ्या शेडपासून सुरुवात आणि मेलेले पक्षी असलेली शेड शेवटी. उलटं केलंत तर तुमच्याच हातमोज्यावरून रोग दुसऱ्या शेडच्या नमुन्याच्या नळीत पोचतो, आणि अहवाल दोन्ही शेडचा येतो. दर गटाला बाहेरचे मोजे बदला. याच्या उलट चूकही होते: क्लोरीनने ओल्या मोज्यांनी स्वॅबची काडी धरली तर विषाणूचा आरएनए (तपासणीत शोधतात तो जनुकीय धागा) तुटतो आणि रोग असून अहवाल स्वच्छ येतो. नमुने घेणाऱ्याचे मोजे कोरडे आणि नवे.

नळी बाहेरून पुसायची, शोषणाऱ्या कापसात गुंडाळून दुसऱ्या न गळणाऱ्या डब्यात, तो डबा बाहेरच्या कडक पेटीत, बर्फाच्या पिशव्यांसह. फॉर्म दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यांच्या मध्ये, नळीजवळ नाही. पेटी पिवळ्या दोरीच्या बाहेरच ठेवा. आतून नळ्याच येतील आणि पुसून येतील.

पशुधन_कळमेश्वर:

सगळ्यांचे मनापासून आभार, हे तसंच्या तसं तालमीत घेतो. शेवटची शंका: गावातल्या घरोघरच्या कोंबड्यांसाठी हेच दहा जण पाठवायचे का? आणि आवराआवरीचा क्रम काय, सगळ्यात आधी काय उचलायचं?

धुऱ्यावरचा:

हेच दहा जण नकोत. घरोघरचं पथक पूर्णपणे वेगळं, त्याच दिवशी फार्मवर पाय न ठेवलेलं. माणसं अपुरी असतील तर आधी गाव, नंतर फार्म, आणि गावातही फार्मपासून लांबच्या घरापासून जवळच्या घराकडे. दर घराला बाहेरचे मोजे नवे आणि बुटांची घासणी दारात. पोरंसोरं आणि म्हातारी माणसं बघायला गोळा होतात, म्हणून गावातलाच एक ओळखीचा माणूस, पोलीस पाटील किंवा आशाताई, पथकाच्या पुढे चालावा. पथकाने घरात बसायचं नाही, चहा-पाणी घ्यायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. पक्षी तिथेच पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि बाहेरून पुसून खड्ड्याकडे. बंडीतून किंवा दुचाकीवर बांधून नाही.

आवराआवरीत बहुतेक पथकं मोठा खड्डा आधी बुजवतात, कारण जेसीबीला परत जायची घाई असते. मग टबातलं पाणी, ब्रश, ताडपत्री, शेवटच्या चार जणांची किटं हे सगळं कुठे टाकायचं हा प्रश्न उरतो, आणि ते रस्त्याकडेच्या नालीत जातं. म्हणून जेसीबीकडून सकाळीच दुसरा छोटा खड्डा काढून घ्या, मीटरभर लांब-रुंद, मोठ्याच्या शेजारी, प्लास्टिक अंथरून. मोठा बुजला की जेसीबी त्याच छोट्या खड्ड्याच्या काठावर धुवायचा आणि सोडून द्यायचा. मग टब, ताडपत्री, दोऱ्या आत. बुटांचा शेवटचा टब सगळ्यात शेवटी उलटा करायचा, तोपर्यंत तो वापरात असतो. हा छोटा खड्डा फावड्याने बुजवावा लागेल, त्यासाठी दोन ताज्या दमाची माणसं किट न चढवता बाहेर राखून ठेवा, आणि त्यांच्यासाठी दोन कोरडी किटं, दोन बादल्या आणि एक साबणाचा डबा वेगळा काढून ठेवा.